मसूरची मुले आणि चाळीसगावचा टांगा
१/ पोशाखावरून जात ओळखता येते काय? चेहऱ्यावरून वंश ठरविता येतो काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील दोन प्रवास, एक सातारा जिल्ह्यातील आणि दुसरा खानदेशातील, या प्रश्नांवर प्रकाश टाकतात.

२/ सन १९०१. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी लहानगा भीमराव भाऊ व भाच्यासह मसूर स्थानकावर उतरला. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, पायांत नवे जोडे.

३/ न्यायला कोणीच आले नाही. पोशाखावरून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवानही तयार होईनात. अखेर तडजोड झाली : भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान सोबत पायी चालणार.

४/ त्याच वर्षीच्या जनगणनेचे आयुक्त होते हर्बर्ट रिस्ले. नाकाच्या मोजमापातून जातींची वांशिक उतरंड दिसते, असे त्यांचे मत होते. मसूरच्या फलाटावर मात्र मुलांचे नाक, वर्ण, बोली यांपैकी काहीही कोणाला काही सांगू शकले नाही. सांगितले ते एका शब्दाने.

५/ सन १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले. धुळे मार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्थानकावर टांगे पुष्कळ होते. तरी त्यांना तासभर थांबावे लागले.

६/ अस्पृश्य उतारूला नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. पाहुण्याने पायी यावे, हे महारवाड्यातील लोकांना रुचेना. पुन्हा तडजोड : टांगा मिळेल, हाकणारा तुम्ही शोधा. हाकणारा नवखा निघाला. नदीवरील फरशीपुलावर घोडा उधळला, बाबासाहेब दगडांवर आपटले, टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला.

७/ या २८ वर्षांत कोलंबिया व लंडन विद्यापीठांच्या पदव्या आणि बॅरिस्टरी पदरी पडली होती. तडजोडीची अट मात्र तीच राहिली. नवे कपडे मसूरला घटकाभर संरक्षण देऊ शकले. चाळीसगावी नाव ठाऊक असल्याने तेवढीही सवलत उरली नव्हती.

८/ १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी शरीरमापनाच्याच आकड्यांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धान्त खोडून काढला : ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. ही गोष्ट मसूरच्या स्टेशनमास्तरांनी १९०१ मध्येच, नकळत, सिद्ध केली होती.