कॅमेऱ्याला शरीर कळू लागले

माणसाचे शरीर कॅमेऱ्याच्या साहाय्याने मोजण्याचे प्रयत्न संगणकापेक्षा जुने आहेत. १८८०च्या दशकात पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने माणसाला नखशिखान्त काळे कपडे घातले, हातापायांवर चकाकत्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीपुढे चालायला लावले. एकाच काचेवर ओळीने अनेक छायाचित्रे घेतल्यावर शरीर नाहीसे होऊन फक्त रेषांची चाल उरली. १९७३ साली स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी अंधारात माणसाच्या सांध्यांवर केवळ दहा-बारा प्रकाशबिंदू ठेवले. बिंदू स्थिर असताना प्रेक्षकांना काही बोध होत नसे, पण ते हलू लागताच माणूस चालतो आहे हे क्षणात कळे. हालचाल ओळखायला सांधे पुरतात, हे त्यातून दिसले.

अमेरिकेत मायरन क्रूगर यांनी १९७०च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ उभारले. त्यात माणसाची सावलीसारखी आकृती पडद्यावर दिसे आणि तिच्या हालचालींना संगणकाने काढलेली चित्रे तत्काळ प्रतिसाद देत. अंगावर काहीही बांधावे लागत नसे, मात्र आकृती सुटी दिसावी म्हणून मागे उजळलेला पडदा लागे.

घरातल्या पसाऱ्यात उभा असलेला माणूस ओळखणे फार अवघड होते. आधीच्या पद्धती मागच्या चित्रावरून पुढच्या चित्राचा अंदाज बांधत. त्यामुळे माग एकदा सुटला की पुन्हा लागणे कठीण जाई. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी किनेक्ट आणले, तेव्हा हे चित्र बदलले. हे उपकरण खोलीत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त ठिपक्यांचा सडा टाकी आणि ठिपके किती सरकले यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढी. जेमी शॉटन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्यामागची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे तपासले जाई आणि चित्रातला प्रत्येक बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा, हे एकामागून एक प्रश्न विचारत उत्तराकडे जाणाऱ्या निर्णयवृक्षांचा समूह ठरवी. त्यावरून सांध्यांच्या जागा निघत. एका चित्राला पाच मिलिसेकंदही लागत नसत. खरी करामत प्रशिक्षणात होती: जाड, बारीक, उंच, बुटक्या शरीरांची लाखो चित्रे संगणकावरच तयार करण्यात आली, कारण इतकी छायाचित्रे हाताने खुणा करून जमवणे आवाक्याबाहेरचे होते.

प्रखर उन्हात मात्र अवरक्त ठिपके पुसट होत, म्हणून किनेक्ट मुख्यतः घरातच चाले. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांची ‘ओपनपोझ’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. साध्या रंगीत कॅमेऱ्याच्या चित्रात ती अनेक माणसांचे सांधे एकदम शोधते, आणि कोणता कोपर कोणत्या खांद्याचा हे अवयवांच्या दिशेवरून जुळवते. २०२० साली गूगलच्या ‘ब्लेझपोझ’ या पद्धतीने मोबाइल फोनवरच शरीराचे ३३ बिंदू शोधून दाखवले; तिची मूळ रचना मात्र एका वेळी एकाच माणसासाठी होती.