बैठकांतील श्रांती आणि स्नायूंचे बल

बैठका काढताना मांड्या, नितंब व पोटऱ्या यांच्या स्नायूंचे बल व वेग उत्तरोत्तर घटत जाणे आणि विश्रांतीनंतर ते पूर्ववत होणे, या अवस्थेस श्रांती म्हणतात. महाराष्ट्रातील तालमींत जोर आणि बैठका ही मेहनतीची दोन मुख्य अंगे समजली जातात, आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशासारख्या ग्रंथांतून या देशी कसरतींची तपशीलवार नोंद झालेली आहे. तथापि तालमीतला प्रचलित हिशेब हा संख्येचा असल्यामुळे, किती बैठका झाल्या हे जितक्या आवर्जून विचारले जाते, तितक्या आवर्जून शेवटच्या बैठका कशा निघाल्या, याची चौकशी क्वचितच होते.

देशी बैठकेत खाली जाताना टाचा उचलल्या जाऊन शरीराचा भार चवड्यांवर येतो आणि हातांच्या झोक्यासरशी मल्ल पुन्हा उभा राहतो. प्रारंभी उठण्याची गती एकसारखी असते; पुढे ती मंदावते, झोका मोठा होतो, कंबर पुढे झुकू लागते, आणि मांड्या भरून आल्या असे मल्ल म्हणतो तेव्हा स्नायूंच्या आत बरेच काही घडून गेलेले असते. तीव्र श्रमात क्रिएटिन फॉस्फेट या ऊर्जाद्रव्याचा साठा झपाट्याने खर्ची पडतो, त्यातून सुटलेले फॉस्फेट साचते, स्नायुतंतूंतील कॅल्शियमचे उत्सर्जन मंदावते आणि त्यामुळे प्रत्येक आकुंचनाचे बल उणावते. शिवाय मेंदू व मज्जारज्जूकडून येणारी प्रेरणाही क्षीण होऊ शकते. सर्व दोष लॅक्टिक आम्लाच्या माथी मारण्याचा जुना प्रघात आता शास्त्रास मान्य नाही. क्रिएटिन फॉस्फेटची भरपाई काही मिनिटांत बहुतांशी होते, परंतु खाली बसताना ताणाखाली लांबणाऱ्या तंतूंना सूक्ष्म इजा झाली असल्यास बलाची तूट कित्येक दिवस राहू शकते. मांड्यांचे दुखणे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेस पोहोचते, ते याच कारणाने.

श्रांती किती येऊ द्यावी, हा खरा वादाचा मुद्दा होय. स्पेनमधील फर्नांडो पारेहा-ब्लांको व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांच्या दोन गटांकडून आठ आठवडे खांद्यावर वजन घेऊन बैठका करवून घेतल्या. एका गटाने उठण्याचा वेग २० टक्क्यांनी घटताच थांबावयाचे, दुसऱ्याने ४० टक्क्यांनी घटेपर्यंत रेटावयाचे, असा दंडक होता. पहिल्या गटाच्या बैठका दुसऱ्याच्या सुमारे ६० टक्केच झाल्या, तरी बैठकेतील बलाची वाढ उभयतांत जवळपास सारखीच आली, आणि जागेवरून घेतलेल्या उभ्या उडीत पहिल्याची प्रगती ९.५ टक्के, तर दुसऱ्याची ३.५ टक्के भरली. रेटणाऱ्यांच्या मांडीचे काही स्नायू अधिक पोसले गेले खरे, पण अतिवेगवान तंतूंचे प्रमाण त्यांच्यात घटले. वजनाच्या बैठकांवरून काढलेले अनुमान शेकड्यांनी काढावयाच्या देशी बैठकांना जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल, कारण तेथे दमसास हेच उद्दिष्ट असते. परंतु ज्या मल्लाला एकेरी पट (प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरण्याचा डाव) काढताना क्षणार्धात झेपावयाचे आहे, त्याने वेग मंदावल्याची खूण मानावी, हे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटते.

स्पर्धेतील श्रांतीचा प्रसिद्ध दाखला कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशी या मल्लाशी प्रदीर्घ झुंज दिल्यावर नियमानुसार मिळावयाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे लगोलग उभे राहावे लागले, असे त्यांच्या चरित्रकथनात नेहमी सांगितले जाते. त्यांना कांस्यपदक मिळाले.

जुन्नर तालुक्यातील कल्याण-नगर रस्त्यावरील पिंपरी पेंढारसारख्या गावांतील श्रांतीचा प्रश्न याहून साधा, पण अधिक दुर्लक्षित आहे. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून किंवा उकिडवे बसून काम केलेला तरुण सायंकाळी तालमीत उतरतो, तेव्हा त्याच्या मांड्यांची निम्मी बैठक शेतातच झालेली असते. वस्तादाने त्याला घरी बसून आलेल्या जोडीदाराइतकीच संख्या नेमून दिली, तर दोघांचा व्यायाम कागदावरच समान राहतो. जत्रेच्या फडात रेवड्यांच्या कुस्त्यांपासून अखेरच्या इनामी कुस्तीपर्यंत दुपार जाते आणि हलगी घुमत असता एखादा गडी दोनदा मातीत उतरतो; तेव्हा आदल्या दोन-तीन दिवसांत मांड्या दुखेपर्यंत बैठका मारणे म्हणजे जमेची रक्कम ऐनवेळी खर्ची टाकणे होय.

अतिरेकाची बाजू वैद्यकीय आहे. सवय नसलेल्या व्यक्तीने एकाएकी शेकडो बैठका काढल्यास, अथवा शिक्षा म्हणून मुलांना अमर्याद उठाबशा काढावयास लावल्यास, स्नायुतंतू फुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते व मूत्रपिंडांस अपाय करू शकते. मांड्या ताठरून असह्य वेदना होणे आणि लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी काळसर होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी मालिश करीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.