गिळण्याच्या त्रासावरचे संशोधन : सहाय्यकाचे काम काय, शिक्षण कोणते?

बारावीचा निकाल लागला की चाळीसगावातले पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "सर, एमबीबीएसला नंबर लागला नाही, आता काय?" आपल्या समाजात फारशी माहीत नसलेली एक वाट इथे मांडत आहोत : गिळण्याच्या त्रासावरील संशोधनात सहाय्यकाचे काम.

हा त्रास म्हणजे काय?

घास आणि श्वास दोघांचा रस्ता घशातूनच जातो. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिका बंद होते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. लकवा, पार्किन्सन, डोक्याला मार, तोंड-घशाच्या कॅन्सरचे ऑपरेशन किंवा शेक यानंतर हा मेळ बिघडू शकतो. यालाच डिस्फेजिया म्हणतात. पाणी फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर ठसकासुद्धा लागत नाही, त्यामुळे घरच्यांना कळतच नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू सुटलेली नाही. म्हणून हा विषय आपल्या घरांपासून दूर नाही.

आपल्याकडे मायेपोटी आडव्या पडलेल्या रुग्णाच्या तोंडात शोरबा किंवा झमझम घालतात. नियत नेक असते. पण पातळ पदार्थ घशातून झपकन जातो, सावरायला वेळच मिळत नाही. तपासणी होईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नये. रोज्यातही बीमार माणसाला सवलत आहे, हे घरातल्या मोठ्यांनी सांगावे.

तपासणी कशी होते?

बेरियम मिसळलेला घास देऊन चालता एक्स-रे काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. ही दुर्बिणीची पद्धत सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. अन्न-पाण्याच्या घट्टपणासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय पातळी आहे. साधे पाणी ०, नेहमीचे जेवण ७. द्रव किती घट्ट आहे हे १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंदांत किती उतरते त्यावरून ठरवतात.

सहाय्यक काय करतो?

रुग्णाला अभ्यास समजावून संमती घेणे, प्रश्नावली भरून घेणे, चाचणीच्या नोंदी ठेवणे, नावाऐवजी क्रमांक देऊन माहिती संगणकात भरणे आणि ठरल्या दिवशी पुन्हा विचारपूस करणे. 'ईट-१०' या प्रश्नावलीत १० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी सुचवतात. नोंद खोटी भरली तर उद्या त्यावरून ठरणारा इलाजही चुकेल. म्हणून हे काम अमानतीचे आहे.

इथे भाषा फार कामाची. एखादी आजी "ठसका लागतो" म्हणते, दुसरी "फंदा लगता है" म्हणते. मराठी, उर्दू आणि अहिराणी समजणारी आपली मुले संमतीपत्र नीट समजावू शकतात. रुग्णाला न समजलेली संमती ही संमतीच नव्हे.

शिक्षण आणि नोकरी

थेट वाट बीएएसएलपी पदवीची : बारावी सायन्सनंतर चार वर्षे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पुढे दोन वर्षांची एमएएसएलपी. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे शिक्षण देते. ज्यांचे नाव तिला दिले, ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९७१ ते १९७६ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. नायर रुग्णालयाचे कॉलेज आणि पुण्याचे भारती विद्यापीठ इथेही हा अभ्यासक्रम आहे.

जाहिरातीनुसार नर्सिंग, फिजिओथेरपी, मानसशास्त्र, संख्याशास्त्राचे पदवीधरही अर्ज करू शकतात. पण भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी नसेल तर त्यांनी फक्त संशोधनाचे काम करावे, रुग्णावर थेरपी करू नये.

एक गोष्ट साफ सांगतो : ही पदे बहुधा प्रकल्पापुरती, करारावर असतात. प्रकल्प संपला की नोकरीही संपते. म्हणून आधी पदवी आणि नोंदणी पक्की करावी. मग प्रकल्प संपला तरी रुग्णालयात थेरपिस्टचे काम करता येते, आणि आपल्या गावातल्या लकव्याच्या रुग्णाला पहिला घास सुखरूप गिळायला शिकवणारे कुणीतरी आपल्यातलेच असेल.