बांगडा

स्काँब्रिडी कुलातील रॅस्ट्रेलिगर या प्रजातीचे सागरी मासे. सुरमई, कुपा हे मासे याच कुलातील आहेत. प्रजातीत ३ जाती असून भारतीय किनाऱ्यावर रॅस्ट्रेलिगर कानागुर्टा ही सर्वांत महत्त्वाची आहे. तांबड्या समुद्रापासून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंतच्या उष्ण, उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात तिचे थवे आढळतात. सुएझ कालव्यातून ती भूमध्य समुद्रातही पोहोचली आहे. रॅस्ट्रेलिगर ब्रॅकिसोमा ही जाती आग्नेय आशियात खाड्यांच्या मुखाजवळ राहते.

शरीर चातीसारखे निमुळते, सामान्यतः २५ सेंमी. व जास्तीत जास्त सु. ३५ सेंमी. लांब असते. पाठ निळसर हिरवी, पोट रुपेरी, वरच्या भागावर गडद आडव्या रेषा आणि छातीच्या पराजवळ काळा ठिपका असतो. शेपटीजवळ पाठीवर व खाली सुटे छोटे पर असतात.

तोंड उघडे ठेवून पोहताना कल्ल्यांवरील लांब, पिसांसारखे काटे पाण्यातील प्लवक गाळून घेतात. मादी अंडी टप्प्याटप्प्याने पाण्यात सोडते. ती तरंगत राहतात. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या तळाकडील पोषक पाणी वर येऊन प्लवक वाढते. त्यानंतर कोकण, गोवा, कर्नाटक व केरळच्या किनाऱ्यांवर बांगडा मोठ्या प्रमाणावर मिळतो.