तळटीप : ३१ डिसेंबर

मूळ ग्रंथकाराने 'धुळे, ३१ डिसेंबर १९२६' एवढ्यावरच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान आटोपले आहे. तथापि ज्या पुरुषाने जुन्या वाड्यांच्या अडगळीतून कसरीने खाल्लेले मोडी रुमाल सोडवून, हात लावताच तुटणाऱ्या घड्या जपून उलगडीत, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड सिद्ध केले, त्याच्या निर्वाणदिनावर इतिहासाचा केवढा भार आहे हे वाचकांस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. याच तारखेस १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून, तैनाती फौजेच्या खर्चापायी २६ लक्षांचा मुलूख इंग्रजांस तोडून दिला. आणि १८१८त खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेल्यावर याच धुळ्यास कॅप्टन ब्रिग्जने आपल्या कारभाराचे ठाणे केले. कंपनीस राणी एलिझाबेथची सनद मिळाली तीही १६०० सालच्या ३१ डिसेंबरची. परंतु ती तारीख ज्यूलियन गणनेची असून चालू गणनेने १० जानेवारी १६०१ येते, सबब या योगात तिची गणना करू नये. राजवाड्यांचा संग्रह पुढे, १९२७ साली धुळ्यासच स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळला. — संपा.