सर्व्हर मोठा की घरचा कॉम्प्युटर?



आमचा नातू परवा फोनवर म्हणाला, "आबा, सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे घरच्या प्रोसेसरचा बाप!" मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, धनजसारख्या गावात राहणारा निवृत्त मास्तर. पण असे ठोक विधान कानावर आले की इतिहास शिकवलेला माणूस सनावळ्या काढून बसतोच. तसा मीही बसलो.

सुरुवात १९९८ पासून करू. ते साल आमच्या लक्षात राहण्याचे कारण वेगळे. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास, जूनअखेरीस, इंटेल कंपनीने सर्व्हरसाठी 'पेंटियम टू झिऑन' बाजारात आणला. त्याचा वेग ४०० मेगाहर्ट्झ. आणि त्याच वर्षी घरगुती 'पेंटियम टू'ही ४०० मेगाहर्ट्झचा मिळत होता! वेग तोच, मग बाप कोण आणि लेक कोण?

फरक होता तो आजूबाजूच्या सोयींत. प्रोसेसरला हाताशी लागणारी माहिती ठेवायला जी छोटी स्मृती असते (तिला कॅश म्हणतात), ती घरगुती पेंटियममध्ये प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले, झिऑनमध्ये पूर्ण वेगाने. शिवाय एकाच पाटावर चार झिऑन मांडता येत. म्हणजे एका बैलाची ताकद सारखीच, पण एकाची दावण लहान आणि दुसऱ्याची मोठी.

दुसरा फरक चुकीचा. कॉम्प्युटरच्या स्मृतीत क्वचित एखाद्या शून्याचा एक होतो. घरी चित्रपट बघताना तसे झाले तर एखादा ठिपका चुकीचा दिसेल. बँकेच्या खात्यात झाले तर? आम्ही शिक्षक निकालपत्रक करताना गुणांची आडवी बेरीज करायचो आणि उभीही. दोन्ही जुळल्या नाहीत की चूक कोणत्या ओळीत आणि कोणत्या रकान्यात आहे ते कळायचे. सर्व्हरच्या स्मृतीत साधारण हीच युक्ती असते. जास्तीचे अंक साठवून एका अंकाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. बहुतेक घरगुती यंत्रांत ही सोय नसते.

तिसरा फरक समजायला आमच्याकडच्या कापसाच्या वेचणीसारखे उदाहरण नाही. एखादी बाई अतिशय चपळ, तिच्यासारखी वेचणारी गावात नाही. तो घरचा प्रोसेसर. दुसऱ्या शेतात चाळीस बाया, प्रत्येकीचा हात तिच्यापेक्षा जरा संथ. तो सर्व्हर. एका ओळीचे काम असेल तर चपळ बाई आधी मोकळी होईल. दहा एकर असेल तर चाळीसजणी. आकड्यांत सांगायचे तर २०१८ चा घरगुती 'कोअर आय नाइन ९९००के' आठ गाभ्यांचा, मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ, जोर लावला तर ५ पर्यंत. २०१९ चा सर्व्हरचा एएमडी 'एपिक ७७४२' चौसष्ट गाभ्यांचा, पण मूळ वेग २.२५ गिगाहर्ट्झच. त्यामुळे पुष्कळसे गेम पहिल्यावरच चांगले पळतात. नातवाचे विधान इथे अर्धे पडले.

आता आपल्या माणसांची गोष्ट. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा 'क्रे' महासंगणक हवा होता. हवा तेवढ्या ताकदीचा द्यायला अमेरिका तयार झाली नाही. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व केले डॉ. विजय भटकर यांनी. ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आमच्याच अकोला जिल्ह्याचे! १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकही राक्षसी प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे छोटे प्रोसेसर होते, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या. बलाढ्य एक मिळाला नाही म्हणून साधे अनेक जुंपले. नंतर जगानेही हीच वाट मोठी केली.

पुण्यातच टाटांच्या 'कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज'ने २००७ मध्ये 'एका' महासंगणक उभारला. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा आणि आशियात पहिला आला. त्यात ३ गिगाहर्ट्झचे, चार गाभ्यांचे झिऑन होते. त्याच वर्षी इंटेलचा सर्वांत महागड्या वर्गातला घरगुती प्रोसेसरही ३ गिगाहर्ट्झ आणि चार गाभ्यांचाच होता. एकेकटे उभे केले तर दोघे जवळपास सारखे. पण 'एका'त चौदा हजारांहून अधिक गाभे एका कामाला लागत होते.

मात्र गडी वाढवले की काम त्याच पटीत वाढते असेही नाही. चाळीस बायांनी कापूस भराभर वेचला, पण मोजायला काटा एकच असेल तर संध्याकाळी रांग काट्यापाशी लागणारच. प्रोसेसरचेही तसेच. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो सगळ्यांना थांबवतो.

हे सारे लिहायचे खरे कारण वेगळे आहे. पीकविम्याची शेवटची तारीख असो की सातबाऱ्याचा उतारा, खिडकीतून दोन शब्द येतात, "सर्व्हर डाऊन". मी स्वतः अशा एका केंद्रावर दुपारभर बसलो आहे. माझ्या शेजारी चार कोसांवरून आलेला शेतकरी होता. दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस ते दोन शब्द ऐकून, नशिबाला बोल लावून परत जातो. त्याला वाटते, दूर कुठेतरी एक मोठे यंत्र दमले आहे. पण दर वेळी प्रोसेसरच दमलेला असतो असे नाही. तारेचा दोष असेल, प्रणाली नीट लिहिलेली नसेल, किंवा हजारो अर्ज एकाच नोंदीच्या दाराशी, म्हणजे आपल्या त्या एकुलत्या काट्यापाशी, अडले असतील. तिथे चौसष्टच्या जागी एकशे अठ्ठावीस गाभ्यांचा प्रोसेसर आणून बसवला तरी रांग हलायची नाही.

आणि शेवटच्या तारखेला गर्दी होणार हे आधीपासून ठाऊक असते. वेचणीच्या दिवसांत दुसरा काटा आणून ठेवायला हवा हे शेतमालकाला कळते, मग इथे का कळू नये? म्हणून माझी गावातल्या पोरांना विनंती आहे. "सर्व्हर डाऊन" ऐकून उठू नका. काय बंद आहे, केव्हापासून, आणि तारीख वाढवून मिळेल का, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. उत्तर कागदावर मागा. सोबतच्या म्हाताऱ्यांसाठीही मागा.

असो. लेख लांबला. तुमच्याकडे काय अनुभव येतो, जरूर कळवा.