भागीदारीतला वाटा

कविता लिहिणाऱ्या माणसाचा पिच्छा शब्द सहजासहजी सोडत नाहीत. ‘भागीदारी’ हा त्यातलाच एक. विद्यापीठांनी आणि वंचित समाजांनी भागीदारीत आरोग्याचे काम करावे, असे आज जगभर म्हटले जाते. कल्पना चांगलीच आहे. पण भागीदार म्हणजे ज्याला वाटा मिळतो तो. म्हणून कुणाच्या वाट्याला काय आले, हे विचारावेच लागते. अमेरिकेतल्या दोन हकिकती यासाठी सांगण्याजोग्या आहेत.

पहिली हकिकत अलाबामा राज्यातल्या टस्कीगीची. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१पासून वाढवलेली तिथली शिक्षणसंस्था म्हणजे कृष्णवर्णीयांचा अभिमान. १९३२मध्ये सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने त्या भागात उपदंश या रोगाचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यातले बरेचसे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे होते. त्यांपैकी ३९९ जणांना रोग होता. त्यांना रोगाचे नाव कुणी सांगितले नाही. ‘तुमचे रक्त खराब आहे,’ एवढेच सांगितले. फुकट तपासणी, गरम जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, हा त्यांचा मोबदला. शिक्षणसंस्थेचे रुग्णालय या कामात होते. युनिस रिव्हर्स ही कृष्णवर्णीय परिचारिका घरोघर जात होती. वरवर पाहता भागीदारीत काहीच उणे नव्हते.

पुढे पेनिसिलिन आले, उपदंश बरा होऊ लागला. या माणसांना मात्र ते दिले गेले नाही. रोग शेवटपर्यंत काय करतो, ते अभ्यासकांना पाहायचे होते! १९७२मध्ये वर्तमानपत्रांनी हे उघडकीस आणले, तेव्हा कुठे चाळीस वर्षांचा हा अभ्यास थांबला. अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली, ती १९९७मध्ये.

कृष्णवर्णीयांचा डॉक्टरांवरचा अविश्वास काही या एकाच घटनेतून आलेला नाही. वर्णभेदाचा रोजचा अनुभव होताच. पण ‘टस्कीगी’ हे त्या अविश्वासाचे दुसरे नाव झाले.

दुसरी हकिकत न्हाव्याच्या दुकानातली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण फार मोठे. मेरीलँड विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एलाइजा साँडर्स यांनी बाल्टिमोरमध्ये चर्च आणि केशकर्तनालये यांतून रक्तदाब तपासायला सुरुवात केली. माणूस डॉक्टरकडे जात नसेल, पण न्हाव्याकडे तर जातोच. आणि ज्याच्या वस्तऱ्यापुढे आपण निर्धास्तपणे मान देतो, त्याचे ऐकतोही.

पुढे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसच्या वैद्यकीय केंद्रात डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी न्हाव्यांकडूनच रक्तदाब मोजून घेतला आणि गिऱ्हाइकांना डॉक्टरकडे धाडले. २०११मध्ये निष्कर्ष आले. फरक पडला होता, पण थोडा. पुढचे काम त्यांनी लॉस एंजलिसमध्ये केले. तिथे त्यांनी औषधांची जाणकार माणसे, म्हणजे फार्मासिस्ट, थेट दुकानात आणली. डॉक्टरांच्या संमतीने तिथेच औषध ठरे. ५२ दुकाने, ३१९ पुरुष. २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे न्हाव्यांनी नुसता सल्ला दिला, तिथे तो ९ अंकांनीच उतरला.

या दोन्ही हकिकतींत संशोधक आहेत, गरजू माणसे आहेत आणि त्यांच्यातलाच एक विश्वासाचा माणूसही आहे. परिचारिकेवर लोकांचा विश्वास होता, तसा न्हाव्यावरही. फरक एवढाच, की टस्कीगीत त्या विश्वासाच्या वाटेने माहिती बाहेर गेली आणि औषध आत आलेच नाही. लॉस एंजलिसमध्ये माणसाला आपला आकडा कळला, आजाराचे नाव कळले आणि हातात गोळीही पडली.

विश्वासाचा माणूस शोधणे फारसे अवघड नसते. त्याच्या हाती आपण काय देतो, यावर सगळे ठरते. एखाद्या वस्तीत वही-पेन घेऊन, रक्ताच्या बाटल्या घेऊन कुणी आले, तर वस्तीने एक प्रश्न जरूर विचारावा. ‘यातले आमच्याकडे परत काय येणार?’ उत्तर नीट मिळाले, तरच ती भागीदारी.